तुळजापूर-अक्कलकोट होईल नंतर, आधी सोलापूर जेवा

वाचकाचं पत्र

मी ठाण्यात राहते, वय तीस. बँकांना सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीत नोकरी करते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार सोलापूरला जायचं आहे, एका सहकारी बँकेच्या कामासाठी. संध्याकाळी सहाला मोकळी होईन, गुरुवारी बहुतेक दुपारीच. आजवर कामानिमित्त बरीच गावं झाली, पण आठवतं काय तर हॉटेलची खोली, वायफायचा पासवर्ड आणि पनीर बटर मसाला. या वेळी तसं नको आहे. सोबत आमचे सीनियर आहेत. ते म्हणतात, सोलापुरात बघायला काय आहे, गुरुवारी गाडी करू आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एका झटक्यात उरकू. मला नाही म्हणवत नाही आणि जावंसंही वाटत नाही. मी मांसाहार करते, पण तिखट फार झेपत नाही. खाणावळीत एकटीने गेलं तर चालतं का? आणि कामाला पाठवलेल्या माणसाने असं फिरणं बरं दिसतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई,

'सोलापुरात बघायला काय आहे' हे आम्हाला नवं नाही. लोक आमच्या स्टेशनवर उतरतात, बाहेर उभ्या गाडीत बसतात आणि देवाला जातात. परतताना एक चादर घेतात, ती बहुतेक वेळा भलतीकडचीच निघते. तर आधी तुमच्या साहेबांच्या बेताचा हिशेब करू. तुळजापूर इथून साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७० च्या वर. तिन्ही तीन दिशांना. एक करून दुसरीकडे जायचं तर बहुतेक पुन्हा सोलापुरातूनच जावं लागतं. म्हणजे तीनशे किलोमीटर गाडीत बसणं आणि वर तीन ठिकाणच्या रांगा, तेही अर्ध्या दिवसात. त्यातून गुरुवार हा स्वामींचा वार, त्या दिवशी अक्कलकोटला गर्दी ठरलेली. साहेबांना देवीचं दर्शन मनापासून हवं असेल तर त्यांनी गुरुवारी फक्त तुळजापूर करावं. तिथली गर्दी मंगळवारी आणि शुक्रवारी जास्त असते, त्यामुळे गुरुवार त्यांना सोयीचाच पडेल. हे त्यांना याच शब्दांत सांगा. 'मला यायचं नाही' म्हणण्यापेक्षा 'साहेब, तुळजापूरला गुरुवारी रांग कमी असते' म्हटलेलं पचायला सोपं जातं.

आता तुमचं बघू. कामाच्या दौऱ्यात दिवस बँकेचा असतो, पण पहाट आणि रात्र तुमची असते. सोलापूरचं बरं हे की बघण्या-खाण्यातलं बरंचसं याच दोन वेळांना बसतं. दुपारी इथे तसंही कोणी फिरत नाही. जानेवारीतही ऊन लागतं, मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको.

बुधवारी सकाळी सहाला उठा आणि रिक्षाने सिद्धेश्वर मंदिरात जा. तळ्याच्या मधोमध देऊळ आहे आणि आत जायला बांधीव वाट. त्या वेळी थंडी असते, फुलवाल्या बायका नुकत्या बसत असतात, आणि दर्शनाला येणारे निम्मे लोक मराठीत बोलत असतात तर निम्मे कन्नडमध्ये. श्री सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, आणि आज ते अख्ख्या गावाचं ग्रामदैवत आहेत, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचंसुद्धा. आवारात त्यांची समाधी आहे. गावात आणि गावाभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापन केली असं मानतात.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा तुम्ही याल तोवर होऊन गेलेली असेल. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, कंबरेला तोलून धरलेले उंचच उंच सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, हे सगळं त्या चार-पाच दिवसांतच. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, त्या लग्नाचा हा सोहळा. मात्र होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं यात्रा संपल्यावरही रेंगाळतात, तेव्हा मंगळवारी संध्याकाळी तिथे एक फेरी मारता येईल. मौत का कुआँ बघायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या आवाजाने डोकं चढतं.

तळ्याच्या कडेला दिसते ती भुईकोट किल्ल्याची तटबंदी. बहमनी काळातला किल्ला, दुहेरी तट, बाहेरून खंदक. आत जुन्या देवळाचे कोरीव खांब आहेत, तेवढे आवर्जून बघा. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला. त्यावरून पुढे दोन्ही घराण्यांत भांडणंही झाली. माहेरच्यांनी दिलेलं परत मागायची रीत तेव्हाही होती म्हणायची. किल्ला उघडायची वेळ आदल्या दिवशी बँकेतल्या शिपायाला विचारा. अशा गोष्टी मॅनेजरपेक्षा त्याला नेमक्या माहीत असतात.

आता जेवणाकडे येते, कारण पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

सोलापूरचं जेवण ज्वारी आणि शेंगदाणा या दोन गोष्टींवर उभं आहे. दोन्ही इथल्या कोरडवाहू रानातल्या. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी इथून जवळच पिकते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून पहिल्या रात्री मेनूकार्ड असलेल्या ठिकाणी जाऊ नका. बँकेत दुपारचा चहा होईल तेव्हा कोणाला तरी विचारा, पण 'इथे फेमस काय आहे' असं विचारू नका. तसं विचारलं की लोक पाहुण्याला शोभेल असं काहीतरी सांगतात, मग एसी हॉल आणि तंदूर आलाच. विचारा, 'घरी स्वयंपाक झाला नाही तर तुम्ही कुठे जेवता?' मग खाणावळीचं नाव येईल, आणि बहुधा कोणीतरी म्हणेल, 'उद्या डबा आणते की ओ मी तुमच्यासाठी.' नाही म्हणू नका.

खाणावळीत कडक भाकरी मागा. ज्वारीची पातळ भाकरी थापून भाजतात आणि मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून वाळवत नेतात. पाणी निघून जातं आणि पापडासारखी कडक होते. मोडली की आवाज येतो. खाण्याच्या रीती दोन. आमटीत नाहीतर रश्श्यात चुरून थोडी मुरू द्यायची, पण पार लगदा होऊ द्यायचा नाही, कडा जिभेला लागल्या पाहिजेत. किंवा कोरडा तुकडा घेऊन त्यावर दही आणि शेंगाचटणी. सोबत भरली वांगी, पिठलं, कांदा. जेवणात गोड हवं असेल तर शेंगापोळी आहे का विचारा. दाण्याचं कूट आणि गूळ आत, वर तूप. एक खाल्ली की पुरे होते, दुसरी बांधून घ्या.

शेंगाचटणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ती तुम्ही विकत घ्याल आणि चुकीची घ्याल. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, इतकंच असतं तिच्यात. सगळी करामत कुटण्यात आहे. उखळात घाव बसत गेले की दाण्याचं तेल सुटतं, तिखट त्या तेलात शिजल्यासारखं होतं आणि चटणी एकमेकांना धरून राहते. आता बऱ्याच ठिकाणी कांडप यंत्र आहे, त्यालाही हरकत नाही, कारण तेही कुटतंच. मिक्सरमधली मात्र भुकटी होते. दुकानात चिमूटभर मागून घ्या आणि बोटांत दाबा. गोळा बसला आणि बोटाला लालसर तेल लागलं तर घ्या, रवाळ सुटली तर पुढच्या दुकानात जा. चव बघू द्या म्हणायला लाजायचं नाही, इथे दुकानदार स्वतःच हातावर ठेवतात.

तिखटाचं म्हणाल तर भीती अनाठायी नाही. इथलं तिखट पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळतं. त्यावर पाण्याचा उपयोग नाही, दही मागवा. मटण खाणार असाल तर आधी वाटीभर अळणी मागा. तिखट पडायच्या आधी काढलेलं मटणाचं पाणी ते, हळद-मीठ आणि थोडं आलं-लसूण. कडक भाकरी त्यात चुरली तर तुमच्यासारखीचं पोट तेवढ्यावरही भरेल. मग सावजी खाणावळीचा काळ्या मसाल्याचा रस्सा चमचा-चमचा घ्या. विणकामात पिढ्या घालवलेल्या सावजी घरांचा तो स्वयंपाक आहे आणि त्यात हात आखडता नसतो. खिमा-उंडे मिळाले तर सोडू नका. विजापूर वेशीकडचा भाग रात्री जागा असतो, तिथे पाया, बिर्याणी, कबाब. पण तिकडे बँकेतल्या कोणाला तरी सोबत घेऊन जा. कारण भीती नव्हे, कुठल्या गाडीवर काय खायचं हे गावातल्या माणसालाच माहीत असतं.

खाणावळीत एकटीने जायचं का? जा. बऱ्याच ठिकाणी फॅमिलीसाठी वेगळी बाजू असते, आणि नसली तरी जेवणारा माणूस ताटात बघतो. सातच्या सुमारास गेलात तर भाकरी गरम मिळेल आणि जागाही. साडेनऊनंतर मटणाच्या खाणावळींत गर्दी आणि आवाज दोन्ही वाढतात, तेव्हा एकटीने बसायला मलाही आवडत नाही. मग पार्सल घ्या. फक्त मऊ भाकरी पार्सल नेऊ नका, खोलीवर पोहोचेपर्यंत चिवट होते. कडक भाकरीला तो त्रास नाही.

तुम्ही येताय ते दिवस हुरड्याचे आहेत, आणि हे तुमचं नशीब. बँकेच्या स्टाफपैकी निम्म्यांची शेती असेल. बुधवारी संध्याकाळी कोणाच्या रानात आगटी पेटणार आहे का, इतकंच हळूच विचारा. शहराभोवती पैसे घेऊन हुरडा खिलवणारी ठिकाणंही बरीच झाली आहेत, पण तिथे झोपाळे आणि सेल्फी जास्त. रानातल्या हुरड्याला गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेली कणसं आणि हातावर चोळून पाखडणारी एखादी मावशी लागते. कोवळे दाणे हिरवे, गरम आणि किंचित गोड. पानावर शेंगाचटणी, गूळ, दही, बोरं. हुरडा गरम असतानाच खायचा, फोटो काढत बसलात तर दाणे गार होतात आणि मावशी पुढच्या माणसाला वाढते. त्या रात्री वेगळं जेवण लागणार नाही.

हुरडा जमला नाही तर बुधवारची संध्याकाळ पार्क मैदानाकडे घालवा. शेजारी चौपाटी आहे, भेळ-पाणीपुरी-पावभाजीची. चव चांगली, पण ती ठाण्यातही मिळते, म्हणून पोट तिथे भरू नका. तिथून जवळच चार पुतळा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्याच नावाची. रोज त्या गाडीने येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ही चार नावं सांगता येतील, कोण जाणे. महापालिकेची इंद्रभुवन इमारत, पूर्वीचा वारदांचा वाडा, दिवसाउजेडी दिसली तर रिक्षा दोन मिनिटं थांबवा. नक्षीकाम बघण्यासारखं आहे.

चादरीसाठी चाटी गल्ली आणि नवी पेठ. पण त्याआधी जमलं तर पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेकडे, एक चक्कर मारा. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची ती वस्ती. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो. कारखान्याच्या दारात उभं राहून 'बघू का जरा' म्हटलं तर सहसा कोणी हाकलत नाही. वर जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी फिरत असते आणि खाली त्या भोकांबरहुकूम मोर नाहीतर फुलाची नक्षी उमटत जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुकानात फसवणूक होणं कठीण. खऱ्या सोलापुरी चादरीत नक्षी विणलेली असते, छापलेली नाही. उलटी करून बघा, मागेही तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. सूत हाताला भरीव लागतं, नवी असताना थोडी राठ, धुतल्यावर मऊ पडत जाते. पहिल्यापासूनच गुळगुळीत आणि हलकी असेल तर ती बाहेरून आलेली. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तरी रस्तोरस्ती 'सोलापुरी' म्हणून पानिपतचा माल विकला जातो. जागा कमी असेल तर टॉवेल घ्या. ठाण्याच्या दमट हवेत चादरीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होईल.

गुरुवारी दुपारी मोकळ्या झालात आणि गाडी मिळाली, तर साहेबांना तुळजापूरला धाडून तुम्ही हत्तरसंग कुडलला जा. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, विजापूर रस्त्याने, भीमा आणि सीना नद्यांच्या संगमावर. संगमेश्वराच्या जुन्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, सर्वांत जुन्या मराठी लेखांतला एक. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी त्याच्या वाचनासाठी मोठे कष्ट घेतले. शेजारीच एक शिवलिंग आहे, त्यावर चोहीकडून ओळीने छोटे-छोटे चेहरे कोरलेले, साडेतीनशेच्या वर. गर्दी नसते, खायला काही मिळेलच असं नाही, म्हणून सोबत शेंगापोळी असू द्या. अंधार पडायच्या आत परत फिरा.

गाडी नाही मिळाली तर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे, स्टेशनपासून जवळच. १९३८ मध्ये चीनमध्ये वैद्यकीय पथकातून गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले डॉक्टर इथले, सोलापूरचे. त्यांच्या राहत्या घराच्या जागी ते उभारलंय, तासाभरात बघून होतं. परतीचं तिकीट मात्र रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं काढा. ती ठाण्याला थांबते आणि गुरुवारची अख्खी संध्याकाळ तुमची राहते. दौरा आखणारे लोक तिकीट 'लवकरात लवकर परत' या हिशेबाने काढतात, तेव्हा हे आजच कळवा.

राहिला बरं दिसण्याचा प्रश्न. पहाटे सहाला देवळात जाऊन साडेनऊला बँकेत हजर असलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. उलट, कालच्या भाकरीबद्दल दोन शब्द बोललात तर समोरचा कॅशियर त्याची खरी अडचणही सांगतो, जी मीटिंगमध्ये कधीच निघत नाही. फक्त दोन पथ्यं पाळा. कामाच्या वेळात 'जरा जाऊन येते' नको, आणि काम अडलं तर हुरडा सोडून द्या, कुरकुर न करता. बिलाचं म्हणाल तर खाणावळीत छापील पावती मिळतेच असं नाही. हाताने लिहिलेली मागून घ्या, आणि तीही नसेल तर तेवढे पैसे खिशातून जाऊ द्या, ते पनीरपेक्षा कमीच असतील. बँकेने जेवणाचा आग्रह केला तर एक वेळ त्यांचं जेवा, बाकीचे नम्रपणे टाळा. सॉफ्टवेअर तपासून द्यायला आलेल्या माणसाने रोज त्यांच्याच पैशाने जेवणं मला पटत नाही.

निघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत देतात आणि रात्रभरात तेल बाहेर येतंच. घरून एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन या, चटणी त्यात भरा, आणि तो डबा चादर ठेवलेल्या बॅगेत चुकूनही टाकू नका.